कुंकू न लागणारं चित्र

गजभियेजींनी दिलेली चप्पल अजून माझ्याकडे आहे. एकाच पायाची आहे आणि जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी आहे. टाच झिजलेली, अंगठा तुटलेला आणि तुटलेल्या अंगठ्याला टाचणी लावून वेळ भागवलेली. हे सगळं कवेलूच्या, म्हणजे कौलाच्या, एका तुकड्यावर ब्रशने रंगवलेलं. घरी आलेल्या पाहुण्याने विचारलं की हे काय, तर मी सांगतो, चप्पल. पुढे विचारलं की कोणी दिली, तर सांगतो, एका कंपाउंडरने दिली आणि घेण्याआधी तिला लाथ मारायला लावली. इथे बहुतेक पाहुणे विषय बदलतात.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास मी नागपुरात गोळीबार चौकाजवळ राहायला आलो. सरकारी कचेरीत कारकून होतो, नुकतंच लग्न झालं होतं आणि एका माडीवर दोन खोल्या मिळाल्या होत्या. समोरच दवाखाना. दारावर डॉक्टरांच्या नावाची पाटी होती, पण रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं तर तो डोकं खाजवायचा. ‘गजभियेचा दवाखाना’ म्हटलं की पायडल मारायला लागायचा. डॉक्टरसाहेबांना याचं वाईट वाटत नसे. ते रोगी तपासायचे, चिठ्ठी लिहायचे आणि संध्याकाळी पत्ते खेळायला जायचे. बाकीचा सगळा दवाखाना म्हणजे गजभियेजी. औषध द्यायची त्यांची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोबर समोर होती, त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी न मागता पाहिलेलं आहे.

ते मूळचे भिवापूरचे. भिवापूरची मिरची साऱ्या विदर्भाला घाम फोडते, आणि या गृहस्थांना वरणातली फोडणीची मिरचीसुद्धा सोसत नसे. डब्यात रोज दहीभात. कोणी चिडवलं तर म्हणायचे, “आमच्या गावची मिरची आमी इकतो गा, खात नाही.” उंच, किडकिडीत माणूस. अंगात पांढरा कोट आणि कोटाच्या खिशावर घशाला लावायच्या जांभळ्या औषधाचा डाग. कोट धुऊन यायचा, डाग जागच्या जागी असायचा. नागपुरातच इंदोऱ्याला त्यांचं घर होतं, बायकामुलं होती. तिथे मी एकदोनदाच गेलो, म्हणून त्याबद्दल उगाच काही सांगत नाही.

त्या काळी औषध बाटलीतून मिळायचं. घरून रिकामी बाटली न्यायची, कंपाउंडर तिच्यात मिक्श्चर भरून द्यायचा आणि एका वेळी किती प्यायचं ते कळावं म्हणून बाहेरून कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवायचा. एका खाचेला एक डोस. गजभियेजी बाटली देताना ती खळखळून हलवायचे आणि बजावायचे, “हलवून घ्या.” वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे हातात आलेली कुठलीही वस्तू ते हलवायचे. चहाचा कप हलवायचे. पोस्टमनने दिलेलं पाकीट हलवायचे. माझ्या बायकोने, सुमनने, एकदा वाटीभर खीर दिली तर तीही हलवली आणि कोटाला दुसरा डाग पडला.

माणसांनाही ते हेच सांगायचे. कोणी तोंड पाडून बाकावर बसलेला दिसला की खिडकीतून आवाज यायचा, “काय झालं गा? हलवून घे जरा. औषध सारं खाली बसलं असन.” त्यांच्या मते माणूस हा मिक्श्चरासारखाच. कामाचं असतं ते तळाला जाऊन बसतं आणि वर नुसतं पाणी दिसतं. आता नुसतं सांगून कोणी स्वतःला हलवत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यासाठी ते ठिकऱ्या करायचे.

आमच्याकडे घरांवर कवेलू असायचे. पावसाळ्याआधी घरोघर कवेलू फेरायचं, म्हणजे फुटके काढून नवे बसवायचं, काम निघायचं आणि गल्लीत फुटक्या तुकड्यांचे ढीग पडायचे. मुली त्यातले चपटे तुकडे निवडून टिक्कर-बिल्ला खेळायच्या. जमिनीवर घरं आखायची, ठिकरी टाकायची आणि एका पायावर लंगडत ती पायानेच एका घरातून दुसऱ्या घरात सरकवायची. गजभियेजी त्या ढिगात मुलींच्या बरोबरीने वाकलेले असत. “कंपाउंडरकाका चांगल्या चांगल्या घेऊन जाते,” अशी मुलींची तक्रार असायची. दुपारी दवाखाना बंद असला की मागच्या नळापाशी दगडावर पाणी टाकून ते तुकडा घासत बसायचे. घासून घासून गोल झाला की त्याला खडूची पूड आणि डिंक यांचा एक हात. तो वाळला की शाळेतल्या पोरांच्या रंगांनी चित्र आणि वरून फर्निचरला लावतात त्या व्हार्निशचा पातळ थर. चित्रकला ते कोणाकडे शिकले नव्हते, आणि ते दिसायचंही. त्यांनी काढलेली माणसं पायजम्यात बांबू घातल्यासारखी उभी असत. वस्तू आणि जनावरं मात्र झकास जमायची.

इंजेक्शनच्या आधी मूल रडायला लागलं की ते ठिकरी द्यायचे. मी एकदा सुचवलं, नंतर द्या, म्हणजे बक्षीस होईल.

“बक्षीस कायचं?” ते म्हणाले. “जो रडला नाही त्याले भेटन अन् रडला त्याले नाही, असं? भेव त दोघायलेबी वाटते.”

‘घाबरू नको’ असं ते कधीच म्हणत नसत. म्हणायचे, “भेव वाटून राहिलं का? वाटू दे. त्याले बाकावर बसव अन् तू आत ये.” आणि पोरं खरोखर बाकावर थोडी जागा सोडून उठायची. एकाने तर आत जाताना मागे वळून त्या रिकाम्या जागेला दटावलंही होतं, “इथंच राह्य.”

ठिकऱ्या मोठ्यांनाही मिळायच्या, आणि गोंधळ तिथून सुरू झाला. मागच्या गल्लीत ठमाबाई राहायच्या. नवरा विणकर, घरात हातमाग, आणि बाई इतक्या देवभोळ्या की पुस्तकाला पाय लागो, सुपाला लागो, शेजाऱ्याच्या पोराला लागो, लगेच वाकून हात लावणार आणि तो हात कपाळाला नेणार. त्यांची पुष्पा मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाली आणि तिने अंथरूण धरलं. ठमाबाई तिला दवाखान्यात घेऊन आल्या. डॉक्टरसाहेबांनी टॉनिक लिहून दिलं. गजभियेजींनी टॉनिक दिलं आणि दुसऱ्या दिवशी ठिकरी दिली. तिच्यावर पाल होती. भिंतीवरून पडलेली, शेपूट तुटलेली आणि मान वर करून पुन्हा भिंतीकडेच पाहणारी.

“काका, पाल काहून काढली?” पुष्पाने विचारलं.

“पाल पडते वं पोरी, पाह्यलं नाही का तू? अन् पडली का लोक आपलंच पंचांग काढून पाहाते, शुभ का अशुभ. तिले कोनी इचारत नाही, तुले लागलं का म्हून. ते आपली परत चढते.”

पुष्पा तिसऱ्या खेपेला पास झाली. मागाच्या खटखटाटात बसून मोठ्याने पाठ करायची, ते साऱ्या गल्लीने ऐकलं होतं. पण ठमाबाईंनी पेढे ठेवले ते ठिकरीपुढे. गजभियेजींना घरी बोलावलं, मीही बरोबर होतो. देव्हाऱ्यात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा यांच्या मधोमध पाल बसली होती आणि तिच्या पाठीवर हळदकुंकू होतं.

“ठमाबाई, हे काय होय?”

“तुमची ठिकरी होय जी. तिनंच त पास केलं पोरीले.”

“पोरीनं पोरीले पास केलं बाई! हे पाल होय!”

“असू द्या ना,” ठमाबाई शांतपणे म्हणाल्या. “कोनाच्या रूपात येईन, सांगता येते का?”

गजभियेजी पेढा हातातच धरून बाहेर पडले आणि तडक आमच्या माडीवर आले. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते पुन्हा कधी सांगितलं नाही. त्यांची एक धाकटी बहीण होती. लहानपणी तिला ताप आला. घरच्यांनी भगताकडे नेलं, भगताने तावीज दिला. ताप उतरेना, तेव्हा दुसरा दिला. ती गेली तेव्हा तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यांचा गुंता होता. नंतर आईने घाबरून यांच्याही दंडावर एक दोरा बांधला. छप्पन साली गावातल्या लोकांबरोबर ते नागपूरला आले, दीक्षा घेतली आणि तिथेच दंडावरचा दोरा दाताने तोडून आईच्या हातात दिला. आई आधी रडली, मग तिने स्वतःच्या गळ्यातलाही तोडला.

“तो दोरा तोडला म्हून मी दवाखान्यात लागलो गा,” ते म्हणाले. “अन् आता मीच तावीज वाटून राहिलो का?”

“मग बंद करा,” मी म्हटलं.

“काहून बंद करू? पोट्टे हासते ना.”

एवढीच त्यांची अडचण होती. ठिकरी सुटत नव्हती आणि तिचा तावीज झालेला खपत नव्हता.

मग त्यांनी नवा उद्योग आरंभला. ज्याला कुंकू लावता येणार नाही असं चित्र शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं. कळमेश्वरच्या एका शेतकऱ्याला त्यांनी बैल काढून दिला. त्याने पोळ्याला तो पाटावर मांडून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. पोस्टमनला सायकल दिली. दसऱ्याला खऱ्या सायकलीला झेंडूची माळ आणि ठिकरीवरच्या सायकलीला झेंडूची पाकळी. सुमन घरकामाला कंटाळली होती, तर तिला केरसुणी दिली, भिंतीला टेकून ऐटीत विसावलेली. दिवाळीला ते फराळाला आले तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर खऱ्या केरसुणीशेजारी ती ठिकरीही विराजमान होती. चिवड्याची बशी त्या दिवशी त्यांनी हलवली नाही.

गाढव काढलं. एक म्हातारी म्हणाली, हे तर शितलामायचं वाहन. उंदीर काढला तर तो गणपतीचा, घुबड काढलं तर ते लक्ष्मीचं.

“देशकरजी,” ते मला म्हणाले, “या देशात एकबी जनावर रिकामं नाही गा. साऱ्यायवर कोनी ना कोनी बसून राहिलं.”

शेवटी त्यांना चप्पल सुचली. चपलेला कोण कुंकू लावणार? मग नुसत्या चपलाच चपला. कोल्हापुरी, रबरी, मोटारीच्या टायरच्या, नाल ठोकलेल्या. त्यातली एक कन्हानच्या बाजूने कोळसा आणणाऱ्या ट्रकवाल्याला मिळाली. पुढच्या खेपेला तो मोठ्या आनंदाने सांगत आला. नजर लागू नये म्हणून लोक गाडीला जुनं पायताण टांगतात, त्याने ही ठिकरी टांगली होती, लिंबू-मिरचीच्या शेजारी.

“मिरची भिवापूरचीच होय जी,” त्याने वर खूश करायला सांगितलं.

गजभियेजींनी कपाळाला हात लावला. मी आमच्या खिडकीत पोट धरून हसत होतो.

इथपर्यंत ही गंमत होती. मग टिमकी मोहल्ल्यातली एक तरुण सून तापाने फणफणलेलं तान्हं मूल घेऊन आली. पहिलटकरीण, मुलापेक्षा तीच जास्त घाबरलेली. गजभियेजींनी मुलासाठी औषध दिलं आणि तिच्यासाठी ठिकरी. ती पुन्हा आली तेव्हा मूल मान टाकून पडलं होतं. गजभियेजींनी तिच्या पिशवीतली बाटली काढली. औषध पट्टीच्या पहिल्या खाचेपर्यंतसुद्धा उतरलं नव्हतं. मुलाच्या गळ्यात चिंधीची पुरचुंडी होती आणि पुरचुंडीत ठिकरी. दोरा काळा होता.

“औषध काहून नाही देल्लं वं?”

“कडू होतं जी, ओकून टाके. मंग सासू म्हने, ठिकरी बांधली ना, होते बरं.”

पट्ट्या कापायच्या कात्रीनेच त्यांनी तो दोरा कापला. मायलेकरांना रिक्षात घातलं आणि कोट न उतरवता मोठ्या इस्पितळात स्वतः घेऊन गेले. मूल वाचलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गजभियेजींनी ते कधीच जमेस धरलं नाही. ते परत आले तेव्हा मी खाली गेलो. ते बाकावर बसले होते, शेजारी थोडी जागा सोडून.

“माह्या बहिनीच्या गळ्यातला दोराबी असाच होता,” ते म्हणाले. “तो भगतानं बांधला होता. हा कोनं बांधला?”

मला त्यांची कीव आली आणि ती दाखवायचीही लाज वाटली.

त्यांनी ब्रश धुऊन कपाटात ठेवून दिले. तयार असलेल्या ठिकऱ्या एका दुपारी बाहेर नेऊन गल्लीतल्या ढिगावर ओतल्या, जिथून आणल्या होत्या तिथेच. दवाखान्यात पोरं पुन्हा नुसतीच रडायला लागली. गजभियेजी आपलं काम चोख करायचे, बाटल्या हलवायचे, पण माणसांना ‘हलवून घ्या’ म्हणणं सोडलं होतं. समोरून बघताना ती खिडकी दुसऱ्याच कोणाची वाटायची.

ढिगावरच्या ठिकऱ्या अर्थातच मुलींनी उचलल्या. दवाखान्याच्या समोरच घरं आखली आणि टिक्कर-बिल्ला सुरू झाला. गाढव, घुबड, चपला, सगळे पायाने ढकलले जाऊ लागले. ठमाबाई त्या वेळी बाटली घेऊन येत होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि रस्त्यातच किंचाळल्या, “पायानं काहून मारता वं पोट्ट्याहो? पाप लागन!”

लंगडीचा पाय वर धरूनच एक मुलगी म्हणाली, “ठिकरी पायानंच खेळते ना काकू. हातानं खेळली त बाद.”

खिडकीत गजभियेजींचा बाटली हलवणारा हात थांबला. ते पुढे वाकले आणि बराच वेळ मुलींकडे पाहत राहिले. मग खिडकी उघडी टाकून बाहेर आले आणि त्या मुलीला म्हणाले, “काय म्हटलं तू? परत सांग.” तिला वाटलं काका रागावले. ती रडवेली झाली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा निघाला. ठिकरी पाहिजे ना? आधी जमिनीवर ठेवायची, पायाने सरकवायची, मग उचलायची. ज्या वस्तूला जाणूनबुजून लाथ मारली ती देव्हाऱ्यात जात नाही, गळ्यात जात नाही आणि ट्रकवरही चढत नाही. लोकांच्याच सोवळ्याने त्यांनी लोकांना बांधून टाकलं. पोरांना तर हे औषध फारच आवडलं. मोठ्यांची पंचाईत व्हायची. एक शाळामास्तर इकडेतिकडे बघून, कोणी पाहत नाही अशी खात्री करून, बुटाचं टोक हळूच लावायचे. एक पहिलवान एवढ्या जोरात मारायला गेला की त्याची ठिकरी गटारात गेली आणि त्याला ती काढावी लागली. काही जण रागावून निघून गेले. पण ज्याने पाय लावला तो हसल्याशिवाय राहिला नाही, आणि गजभियेजींचं अर्धं काम तिथेच व्हायचं.

माझे वडील गेले तेव्हा मी गावाहून दिवसकार्य आटोपून आलो आणि घरात बसून राहिलो. कचेरीत जावंसं वाटेना, दाढी करावीशी वाटेना. सुमनने सांगून पाहिलं, मग तिने सांगणं सोडलं. एके दिवशी गजभियेजी माडी चढून आले. खिशातून ही चपलेची ठिकरी काढून माझ्यापुढे फरशीवर ठेवली.

“मारा लाथ.”

“गजभियेजी, राहू द्या.”

“मारा ना गा. कायदा सर्वायले सारखा.”

मी बसल्या बसल्या पाय लावला. ती सरकत पलंगाखाली पार भिंतीपाशी गेली. ते काही उचलायला वाकेनात. शेवटी मलाच आडवं होऊन पलंगाखाली शिरावं लागलं. अंगाला जळमटं लावून बाहेर आलो तर सुमन तोंडाला पदर लावून हसत होती आणि मलाही हसू आलं. हसताना मग रडूही आलं, जे गावाला आलं नव्हतं.

“आता उठलेच आहा त पायात घाला अन् चला,” ते म्हणाले. “खाली चहा पिऊ.”

ठमाबाई मात्र काही केल्या बधत नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याचा माग बंद पडला तेव्हा त्या ठिकरी मागायला आल्या. गजभियेजींनी जमिनीवर ठेवली. ठमाबाई तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, पाय काही उचलला नाही. “माह्याच्यानं होत नाही जी,” म्हणाल्या आणि रिकाम्या हाताने परत गेल्या. नवरा गेला तेव्हाही तसंच. गजभियेजींना वाईट वाटायचं, पण कायदा सोडायचे नाहीत, आणि ठमाबाई पाल देव्हाऱ्यातून काढायच्या नाहीत. औषधाच्या खिडकीत दोघांचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं.

“काढली का पाल?”

“नाही काढली. तुमी देता का बिनलाथीची?”

“नाही देत.”

“मंग खोकल्याचं औषध द्या.”

पुढे मी धंतोलीकडे राहायला गेलो. पुष्पा कळमेश्वरला शाळेत मास्तरीण झाली, तिचं लग्न झालं आणि तिची मुलगी शिकायला आजीकडे आली. ऐंशीनंतर कधीतरी निरोप मिळाला की गजभियेजींच्या पोटात गाठ निघाली आहे, ऑपरेशन आहे. त्या दिवशी सकाळी मी इस्पितळात गेलो तर वॉर्डाच्या दाराशी ठमाबाई उभ्या होत्या. त्यांना खाट सापडत नव्हती. आम्ही बरोबरच आत गेलो.

ते मुळातच किडकिडीत, आता चादरीखाली कोणी आहे असं वाटत नव्हतं.

“भेव वाटून राहिलं गा देशकरजी,” ते म्हणाले.

“घाबरू नका,” मी म्हणालो. म्हणजे जे वाक्य त्यांनी जन्मभर टाळलं तेच नेमकं माझ्या तोंडून गेलं.

ठमाबाईंनी पदराची गाठ सोडली. आत पालीची ठिकरी होती. वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाने पाल दिसेनाशी झाली होती, तिची वर केलेली मान तेवढी कळत होती. ठमाबाईंनी ती वॉर्डाच्या फरशीवर ठेवली. लुगडं जरा वर धरलं, डोळे मिटले आणि अंगठ्याने ठिकरी ढकलली. ती खाटेच्या पायाशी जाऊन थांबली.

“घ्या. लावला पाय,” त्या म्हणाल्या.

ठिकरी उचलून त्यांनी ती गजभियेजींच्या हातात दिली. आणि दिल्याबरोबर, जन्माची सवय ती, ठमाबाईंचा हात ठिकरीला लागला आणि तिथून स्वतःच्या कपाळाला गेला.

गजभियेजींनी ते पाहिलं. त्यांना हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला.

“ठमाबाई, सारं धुऊन टाकलं ना तुमी!”

“कायले हासता? पाय लागला ना तिले,” ठमाबाई म्हणाल्या. मग खाटेजवळ सरकून हळू आवाजात म्हणाल्या, “भेव वाटते? वाटू द्या. त्याले इथं खाटेवर बसवा अन् तुमी जा आत.”

तेवढ्यात गाडी घेऊन वॉर्डबॉय आला. त्यांना गाडीवर घेताना त्याला ती घट्ट मूठ दिसली. “बाबा, हातात तावीज आहे का? काढून द्या, आत चालत नाही.”

“तावीज नाही गा,” गजभियेजी म्हणाले. “ठिकरी होय.”

मूठ उघडून त्यांनी ती ठमाबाईंना परत दिली. तळहात लाल झाला होता.

“आता देव्हाऱ्यात नका ठेवू जी.”

“मंग ठेवू कुठं?” ठमाबाईंनी विचारलं.

तोवर गाडी चालू लागली होती. दारातून आत जाताना गजभियेजींनी हात वर केला आणि खळखळून हलवला, बाटली हलवायचे तसा. ते आमचं शेवटचं पाहणं. ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आले नाहीत.

पुढे एकदा जुन्या डॉक्टरसाहेबांकडे जायचं म्हणून मी गोळीबार चौकात गेलो होतो. मागच्या गल्लीत ठमाबाई ओट्यावर बसल्या होत्या. समोर मातीत घरं आखलेली आणि पुष्पाची मुलगी एका पायावर लंगडत ठिकरी सरकवत होती. मातीने, पायाने ठिकरीवरचं कुंकू सगळं गेलं होतं आणि पाल पुन्हा दिसायला लागली होती. मी ओट्यावर ठमाबाईंच्या शेजारी बसलो. पोरीचा पाय ठिकरीला लागला की ठमाबाईंचा हात कपाळाकडे निघायचा आणि अर्ध्यावरून मांडीवर परत यायचा.